गाडीत ताकद कमी नाहीये, वेळ पहिल्या साठ फुटांत जातोय

आधी प्रश्न थोडक्यात. १.८ लिटरची, टर्बो नसलेली, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक. इनटेक, हेडर, मागपर्यंत एक्झॉस्ट, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप आणि गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग, एवढं काम झालंय. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, चाकांना १४० एचपी निघाले. पाव मैलाला, म्हणजे ४०२ मीटरला, १५.६० सेकंद लागतात, आणि तशीच गाडी, जवळपास तेच काम, असा मित्र १४.९० मारतो. तर आता कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा शाफ्ट) टाकू का छोटा टर्बो (इंजिनात जोराने हवा भरणारा पंप)? शिवाय रिअ‍ॅक्शन टाइम ०.९ येतो त्याचं काय, दर रनला गाडी आणखी हळू का होत जाते, आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर फरक पडेल का. "दादा लोकांनी मार्गदर्शन करा" असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

दोघांच्या स्लिप (रननंतर ट्रॅकवर मिळणारी वेळांची चिठ्ठी) टाकल्यास हे फार बरं केलंस. बहुतेक जण नुसता शेवटचा आकडा सांगतात आणि मग सगळे अंदाजपंचे सुरू होतात, कोणी म्हणतं कॅम, कोणी म्हणतं नायट्रस. स्लिपवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वजाबाकी करायची तयारी पाहिजे. तुझी स्लिप अशी: ६० फुटांना २.४५, ३३० फुटांना ६.७५, अर्ध्या अंतराला म्हणजे ६६० फुटांना १०.१० आणि तिथे वेग ११७ किमी, शेवटी १५.६० आणि वेग १४८. मित्राची: ६० फुटांना २.१८, अर्ध्याला ९.४७, शेवटी १४.९० आणि वेग १४९.

आता बघ. अर्ध्यापासून शेवटपर्यंत तुला लागले ५.५० सेकंद, त्याला ५.४३. म्हणजे मागच्या अर्ध्या भागात तुम्हा दोघांत ०.०७ चा फरक आहे, तो वाऱ्याच्या झुळकीनेही येतो. एकूण फरक ०.७०. त्यातला ०.६३ अर्ध्या अंतराच्या आतच झालाय, आणि त्यातही ०.२७ पहिल्या ६० फुटांतच गेलाय. ताकद कमी असती तर हे उलटं दिसलं असतं, सुरुवातीला दोघं बरोबर आणि मग तो हळूहळू लांब जाताना.

अजून एक ताळा मी नेहमी करतो. पाव मैलाचे सेकंद गुणिले शेवटचा वेग किमीमध्ये. गाडी नीट सुटली आणि गिअर नीट पडले तर हा गुणाकार साधारण २२०० च्या आसपास येतो, गाडी कुठलीही असो, कारण ताकद वाढली की सेकंद कमी होतात आणि वेग वाढतो, गुणाकार तिथेच राहतो. मित्राचा येतो २२२०. तुझा २३०९. या वरच्या शंभराचा अर्थ एवढाच की इंजिन जे देतंय ते रस्त्यावर उतरत नाहीये. आणि इंजिन किती देतंय तेही काढता येतं. शेवटचा वेग हा मुख्यतः ताकद आणि वजनावर ठरतो, सुटलास कसा याचा त्याच्यावर फार परिणाम होत नाही. तुझ्यासकट गाडीचं वजन ११८० किलो लिहिलंयस, त्यावर १४८ चा वेग म्हणजे इंजिनला १५५ ते १६० एचपी. डायनोचे चाकांवरचे १४० यात बरोबर बसतात. म्हणजे ट्यूनरने फसवलेलं नाही, गाडी आजारी नाही, आणि या गाडीला १४.८ चा हक्क आत्ता, आहे त्या सामानावर आहे. (तो शेवटचा वेग शेवटच्या ६६ फुटांचा सरासरी असतो बरं का. रेषेच्या आधीच पाय उचलायची सवय असेल तर तो आकडा खोटा कमी दिसतो.)

तेव्हा तुझा खरा प्रश्न "कॅम का टर्बो" हा नाहीच. तुझा प्रश्न आहे की सुटताना आणि गिअर बदलताना पाऊण सेकंद कुठे सांडतोय.

रिअ‍ॅक्शन टाइमचं आधी मिटवून टाकू, कारण त्याने तू उगाच डोकं खराब करून घेतलंयस. तुझ्या १५.६० मध्ये रिअ‍ॅक्शनचा एक कणही नाही. घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही, तुझं पुढचं चाक स्टेजच्या, म्हणजे सुटायच्या रेषेवरच्या सेन्सरच्या, किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. हिरवा लागल्यावर तू आरामात जांभई देऊन निघालास तरी ईटी (स्लिपवरची रनची वेळ) तोच येईल. समोरासमोरची रेस हरशील हे खरं, पण ते नंतरचं. साध्या ट्रीवर (सुटायच्या दिव्यांच्या खांबावर) पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात आणि हिरवा दिसायची वाट बघत बसलं की उशीर होणारच, शेवटचा पिवळा पेटला की निघायचं, एवढं केलंस तरी ०.९ चे ०.५ च्या आसपास येतील. पण सरावाच्या दिवशी दिव्याकडे दुर्लक्ष कर, सगळं लक्ष क्लचवर ठेव. एक गोष्ट मात्र ईटीत मोजली जाते: स्टेजचा दिवा जेमतेम पेटला की तिथेच थांब, पुढे सरकू नकोस. मग घड्याळ सुरू व्हायच्या आधी गाडीला थोडी फुकटची धाव मिळते. पुढे सरकून उभा राहिलास तर ती धाव गेली, आणि ईटीत दशांशापर्यंत फरक पडू शकतो.

आता सुटण्याबद्दल, आणि इथे जरा वेळ घेतो.

फ्रंट व्हील ड्राइव्हचं दुखणं साधं आहे. गाडी पुढे झेपावली की वजन मागे जातं, आणि ओढणारी चाकं पुढे आहेत. तुझ्या गाडीचा हिशोब करून बघ: ११८० किलो, व्हीलबेस समज २.५५ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर, आणि सुटताना ०.५५ जी चा धक्का. सव्वाशे किलो पुढच्या चाकांवरून उठून मागे जातात. उभ्या गाडीत पुढे सातशे वीसेक किलो होते, ज्या क्षणी सगळ्यात जास्त पकड हवी त्याच क्षणी सहाशेच्या खाली आले. रिअर व्हील ड्राइव्हवाल्याला हेच वजन मदत करतं, आपल्याला नडतं. त्यामुळे त्यांचे व्हिडिओ बघून "गाडी मागे बसली पाहिजे" वगैरे शिकू नकोस, आपल्याला मागचं बसायला नकोच आहे.

यातून कामाच्या गोष्टी निघतात त्या अशा. डिकीतली स्टेपनी, जॅक, स्पीकरचा खोका काढून ठेव, हे वजन मागच्या चाकांच्याही मागे असतं म्हणून ते काढल्याचा फायदा दुहेरी. पंचेचाळीस किलो कमी झाले की साधारण एक दशांश मिळतो असं धरतात आणि माझ्या अनुभवात ते बरोबर निघालंय. मागच्या टायरात हवा जास्त ठेव, टायरवर लिहिलेल्या कमालच्या आतच पण वरच्या बाजूला. पुढच्या टायरात कमी. किती कमी हे टायरवर ठरतं, आणि इथे मी छातीठोक आकडा देणार नाही. साध्या रस्त्याच्या टायरवर मी २८ पीएसआयपासून सुरू करतो आणि दर रनला दोन-दोन खाली येतो, ६० फुटांचा आकडा सुधारायचा थांबला की तिथे थांबायचं. फार खाली गेलास तर टायरची बाजू मुडपते, गाडी डोलायला लागते आणि टायरचा मधला भाग उलट जमिनीपासून उचलला जातो. घरी निघायच्या आधी हवा परत भरायला विसरू नकोस.

लोअरिंग स्प्रिंग टाकलेत म्हणतोस, मग अलाइनमेंट केलंस का? गाडी खाली बसली की पुढची चाकं बहुतेक वेळा वरून आत झुकतात. वळणावर ते बरं, पण सरळ धावताना टायरची फक्त आतली कड रस्त्याला लागते. बर्नआउट करून (जागेवर चाकं फिरवून टायर तापवून) खाली उतरून बघ: काळा, गरम, खरबरीत झालेला पट्टा टायरच्या पूर्ण रुंदीवर आहे का फक्त आतल्या चार बोटांवर? आतल्या बाजूलाच असेल तर तू १९५ चा टायर लावून १३० चा वापरतोयस. मित्राच्या गाडीत स्प्रिंग कंपनीचेच आहेत असं तूच लिहिलंयस, माझा पहिला संशय इथेच आहे.

पाण्याच्या डबक्यात जाऊ नकोस. ते स्लिकवाल्यांसाठी, म्हणजे नक्षी नसलेल्या रेसच्या टायरवाल्यांसाठी असतं. नक्षीच्या टायरमध्ये पाणी अडकतं, ते तू सुटायच्या रेषेपर्यंत वाहून नेतोस आणि तिथेच ठिबकवतोस, तुझंही नुकसान आणि मागून येणाऱ्याच्या शिव्या वेगळ्या. कडेने जा, कोरड्यावर हॅन्डब्रेक लावून दोन-तीन सेकंद चाकं फिरव, खडे आणि धूळ उडाली की झालं. रस्त्याचे टायर जास्त तापवले की उलट गुळगुळीत होतात.

क्लच. तू लिहिलंयस की ५००० ला रेस धरून क्लच "एकदम सोडतो". दादा, तेच चुकतंय. किंवा असं म्हणू, चिकट लावलेल्या ट्रॅकवर, स्लिक टायरवर, मजबूत ड्राइव्हशाफ्टवर ते बरोबर असेल, तुझ्या टायरवर नाही. एकदम सोडला की दोनपैकी एक होतं: चाकं फिरतात आणि गाडी जागेवर धूर काढते, किंवा पकड मिळाली तर आरपीएम धाडकन खाली येतात आणि इंजिन गुदमरतं. व्हीटेकसारखी वरच्या आरपीएमला जागी होणारी इंजिनं तर ३००० च्या खाली गेली की पार मेलेली असतात. यापैकी तुझं कुठलं होतंय हे बाहेरून उभं राहून कळत नाही, तुला आतूनही नीट कळत नाही, लॉगमध्ये, म्हणजे रनभर नोंदवलेल्या आकड्यांत, मात्र लगेच दिसतं. आरपीएम आणि गाडीचा वेग एकावर एक लाव. वेग जेमतेम आणि आरपीएम वरच भिरभिरतंय म्हणजे चाक फिरतंय. आरपीएम दरीत पडल्यासारखं २२०० ला आलंय म्हणजे गुदमरलंय.

मी कसं करतो ते सांगतो. ३००० ला रेस स्थिर धरायची, क्लच घासायला लागतो तो बिंदू पायाला सापडला पाहिजे, तिथपर्यंत पटकन यायचं आणि मग पुढचं सेकंदभर पाय सावकाश वर आणायचा, थ्रॉटल त्याबरोबर उघडत न्यायचा. पूर्ण थ्रॉटल क्लच पूर्ण सुटल्यावरच. टायरचा आवाज ऐक, बारीक कुरकुर येत असेल तर ती सगळ्यात चांगली जागा, किंकाळी आली म्हणजे जास्त झालं. ३००० ला गुदमरली तर पुढच्या रनला ३४००. फिरली तर २७००. डिफरन्शिअल साधं ओपन असेल, जे तुझ्या गाडीत बहुधा आहे, तर एकच चाक फिरतं आणि दुसरं गंमत बघतं, त्यावर खरा इलाज एलएसडी, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. पैसे खर्चायचेच असतील तर माझ्या मते ते कॅमच्या आधी इथे जावेत, टायरच्या नंतर.

आणि पुढून धडधड धडधड असा हादरा आला, गाडी उड्या मारत सुटल्यासारखी, तर त्याच क्षणी पाय उचल. ते व्हील हॉप. चाक पकड घेतं, सोडतं, घेतं, सोडतं, आणि त्या माऱ्यात ड्राइव्हशाफ्ट तुटतो, गिअरबॉक्सचं कवच फुटलेलंही मी पाहिलंय. "रन वाया जाईल" म्हणून पाय दाबून ठेवू नकोस. जुने सैल झालेले इंजिन माउंट हे त्याचं नेहमीचं कारण, ते बदलायला टर्बोच्या मानाने काहीच लागत नाही. कडक माउंट टाकलेस तर स्टिअरिंग आयडलला थरथरेल, रोज चालवायची गाडी असेल तर तो विचार तुझा तू कर.

६० फुटांतल्या एका दशांशाचे शेवटी दीड ते दोन दशांश होतात, कारण उशीर तर झालेलाच असतो, वर तिथून निघतानाचा वेगही कमी असतो. तुझे ०.२७ म्हणजे शेवटी चार ते साडेपाच दशांश. उरलेले दोन-तीन गिअरमध्ये आहेत.

गिअरचं असं. तू ६५०० ला बदलतोस कारण डायनोच्या कागदावर सगळ्यात जास्त ताकद ६५०० ला आहे. हा गैरसमज इतका पसरलाय की विचारू नकोस. शिखर कुठे आहे यापेक्षा बदलल्यावर खाली कुठे पडतोस ते बघायचं. समज दुसऱ्या गिअरचं रेशो २.१० आणि तिसऱ्याचं १.४६. ६५०० ला बदललंस तर तिसऱ्यात पडतोस ४५०० ला. ७२०० ला बदललंस तर ५००० ला. शिखरानंतर ताकद थोडी उतरते, समज ६५०० ला १४० होती ती ७२०० ला १३३ झाली. पण ४५०० ला तुझ्या आलेखात जेमतेम शंभर आहे! तेव्हा १३३ सोडून १०० घ्यायची घाई कशाला? जिथे चालू गिअरमधली ताकद आणि पुढच्या गिअरमध्ये पडल्यावरची ताकद सारखी होते, तिथे बदलायचं. प्रत्येक गिअरला तो आकडा वेगळा निघतो, आणि बहुतेक वेळा लिमिटरच्या (ईसीयूने ठरवलेल्या कमाल आरपीएमच्या) जवळच निघतो. तुझा लिमिटर ७४०० ला आहे, ७२०० ला बदलायला हरकत नाही, फक्त ऑइल पातळीला आहे का ते आधी बघ, आणि जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंगची काय अवस्था आहे ते माहीत नसेल तर ७००० ला थांब.

आणि हाताचा वेग. तुझ्या लॉगच्या फोटोत एका गिअरबदलाला ०.६ सेकंद जाताहेत असं दिसतंय. ०.४ सरावाने सहज जमतं. इथे गंमत अशी की पहिल्यातून दुसऱ्यात जातानाचा उशीर सगळ्यात महाग, कारण तेव्हा गाडी हळू असते आणि त्या दोन दशांशांत ती फारसं अंतर कापत नाही. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तेवढाच उशीर झाला तरी गाडी वेगात असते, अंतर कापलं जातच असतं, नुकसान अर्ध्याहून कमी. तिन्ही बदल मिळून दोन-दोन दशांश वाचवलेस तर शेवटी पाव सेकंदाच्या आसपास कमावशील. पण दांडा आपटू नकोस, दुसऱ्याचा सिंक्रो (गिअर जुळवून घेणारी कडी) आधी जातो. हाताची मूठ नको, तळवा उघडा ठेवून ढकल.

आता ट्यूनिंग. तू म्हणतोस हवा-पेट्रोलच्या प्रमाणाच्या गेजवर वरच्या आरपीएमला ११.२ दिसतं आणि ट्यूनर म्हणाला "सेफ आहे". आधी तो गेज वाइडबँडचा (सगळं प्रमाण अचूक मोजणाऱ्या सेन्सरचा) आहे ना ते पक्कं कर, कंपनीच्या साध्या नॅरोबँड सेन्सरला जोडलेले रंगीत दिव्यांचे गेज १४.७ च्या आजूबाजूलाच काय ते सांगू शकतात, पूर्ण थ्रॉटलला त्यांचा काही उपयोग नाही. वाइडबँड असेल तर ११.२ हे टर्बो गाडीचं मिश्रण झालं. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर १२.५ ते १३.० मध्ये सगळ्यात चांगली ताकद मिळते. ट्यूनर खोटं बोलला नाही, ते सुरक्षितच आहे, पण पेट्रोल वाया जातंय आणि थोडी ताकदही. इनटेक बदललास त्याचाही हात असू शकतो: एअर फ्लो सेन्सरवाली गाडी असेल तर पाइपचा व्यास बदलला की सेन्सरचं गणितच चुकतं, हवा असते एक आणि ईसीयूला वाटते दुसरी. मॅप सेन्सरवाली (इनटेकमधला दाब मोजणारी) असेल तर हा प्रश्न येत नाही. दोन्हीपैकी कुठली ते तू लिहिलं नाहीस.

ते १२.७ च्या आसपास आणायला सांग, पण ट्यूनरकडे, डायनोवर, नॉक (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोक) ऐकत. ट्रॅकवर रांगेत उभं राहून लॅपटॉपवर नाही. टायमिंगचंही, म्हणजे ठिणगी किती आधी पडते त्याचंही, तसंच. एक-एक डिग्री वाढवत जायचं आणि टॉर्क वाढायचा थांबला की एक मागे यायचं, "अजून ठोकत नाहीये म्हणजे अजून जागा आहे" असं म्हणून पुढे जायचं नाही. ताकद वाढत नसेल तर ती जास्तीची डिग्री फक्त पिस्टनला मार देते.

पेट्रोलचं उत्तर यातच आलं. जास्त ऑक्टेनमध्ये जास्त ताकद भरलेली नसते, ते उशिरा ठोकतं एवढंच. तुझ्या लॉगमध्ये नॉकमुळे ईसीयू टायमिंग मागे खेचताना दिसत असेल, किंवा मॅपच त्या पेट्रोलवर बनवला असेल, तर फरक पडेल. नाहीतर नाही. ज्या पेट्रोलवर मॅप केला तेच भर, कायम.

दर रनला हळू होण्याचं कारण मात्र मला जवळजवळ नक्की माहितीये. १४८, मग १४६, मग १४५, असे तुझे वेग उतरताहेत. वेगात दोन टक्के म्हणजे ताकदीत सहा टक्के. हे माझ्याही बाबतीत झालंय, आणि मी तेव्हा दोन दिवस फ्युएल पंपाच्या मागे लागलो होतो. शेवटी लॉगमध्ये इनटेकच्या हवेचं तापमान बघितलं: बाहेर ३१ अंश, आणि रेषेवर उभा असताना सेन्सरवर ५८. रांगेत पाऊण तास इंजिन चालू ठेवून इंच इंच सरकत होतो, बॉनेटखाली भट्टी झाली होती, आणि सेन्सर तापलेला म्हणून ईसीयूने घाबरून टायमिंग मागे घेतलेलं. पुढच्या वेळी इंजिन बंद करून, बॉनेट उघडं ठेवून, गाडी रांगेत हाताने ढकलत नेली, लोक हसले, सेन्सरवर ३४ आले आणि वेग तीन किमीने वर गेला. तेव्हापासून मी ढकलतोच. दोन रनमध्ये किमान अर्धा तास जाऊ दे.

हवामान मात्र आपल्या हातात नसतं. २० अंशांच्या सकाळी आणि ३५ च्या दुपारी हवेच्या घनतेत ५ टक्के फरक असतो, आणि टर्बो नसलेलं इंजिन तो सरळ ताकदीतून कापतं. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांवर तीनेक टक्के अजून. त्यामुळे तू दुपारी आणि मित्र सकाळी धावला असशील तर तुलना आधीच बिघडली. एकाच दिवशी, लागोपाठ धावा.

कॅम आणि टर्बोबद्दल. कॅमने ताकद आणखी वर सरकते, खालची कमी होते, म्हणजे जिथे तुझा वेळ जातोय तिथेच गाडी अजून अवघड होणार, आणि परत मॅप करावा लागणारच. टर्बोने वेग नक्की वाढेल, पण तुझी पुढची चाकं १४० एचपीलाच फिरताहेत, २०० ला ती तिसऱ्या गिअरपर्यंत फिरतील. शिवाय इंजेक्टर, क्लच, कूलिंग, आणि आहे त्या कॉम्प्रेशनवर नॉकची टांगती तलवार. "छोटा" टर्बो असं काही नसतं, त्याच्या मागे सगळी वरात येते. चांगले चिकट टायर घेतलेस, अलाइनमेंट आणि माउंट केलेस, पंचवीस-तीस रन मारलेस आणि गुणाकार २२२० वर आला, तेव्हा परत विचार, तेव्हा मी स्वतः सांगेन काय घ्यायचं ते.

पुढच्या दिवशी एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक बदलाला तीन रन दे. हे सांगायला सोपं आहे, मीही एकदा हवा, रेस आणि शिफ्ट पॉइंट एकाच रनला बदलून तीन दशांश कमावले आणि आजतागायत मला माहीत नाही ते कशाने मिळाले. स्लिप हातात पडली की मागच्या बाजूला पेनाने लिहून टाक: पुढची हवा, मागची हवा, किती रेसला सुटलो, फिरली का गुदमरली, इनटेकचं तापमान. संध्याकाळी आठवेल असं वाटतं, आठवत नाही. आणि हे सगळं ट्रॅकवर, हेल्मेट घालून. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर ना ६० फुटांची वेळ मिळते ना पकड, त्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही, बाकीचे धोके तर तुला माहीतच आहेत.

एक शेवटचं, तुझ्या लॉगच्या फोटोत मला तिसऱ्या गिअरमध्ये गेल्या गेल्या आरपीएमची रेघ जरा जास्तच उभी दिसतेय. माझ्याकडे एकदा असंच होतं, वेग तेवढाच आणि आरपीएम मात्र सहा-सातशेने वर चढून परत खाली, आणि मी महिनाभर टायमिंगशी खेळत बसलो, निघाला घसरणारा क्लच. ५००० ला क्लच एकदम सोडायची सवय बघता तुझ्याकडेही ते अशक्य नाही. फोटो अंधुक आहे म्हणून ठाम बोलत नाही. तेवढ्या भागाचा लॉग, आरपीएम आणि वेग दोन्ही, मोठा करून टाक, बघून सांगतो.